यंत्राच्या तोंडी अहिराणी

ताईचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एका वकीलसाहेबांचा प्रिंटर पोट उघडून पडला होता आणि ते स्वतः स्टुलावर बसून कोर्टाची वेळ कशी टळत चालली आहे ते मला ऐकवत होते. "विजू, हे गेले रे..." एवढंच ताई म्हणाली. पुढचं बोलणं मला नीट आठवत नाही. मी प्रिंटरचं झाकण लावलं, स्क्रू टेबलावरच राहिले, आणि वकीलसाहेब उठून गेले, एवढं आठवतं. जळगावहून धुळ्याला पोचलो तोवर अंगणात माणसं जमली होती. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वासंतीताईचे यजमान, प्राध्यापक दिनकर बोरसे. कॉलेजात त्यांनी जन्मभर भाषाशास्त्र शिकवलं, अहिराणीचे उच्चार जसेच्या तसे कागदावर उतरवण्यात उमेदीची सगळी वर्षं घातली, आणि शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं.

स्मशानातून परतताना दाजींचे धाकटे भाऊ, अशोकभाऊ, यांनी मला बाजूला घेतलं. ते धरणगावजवळच्या गावी शेती बघतात आणि दाजींची आई, जिला सगळा गाव अक्का म्हणतो, ती त्यांच्याकडेच असते. अक्का नव्वदीला टेकलेली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, कान मात्र असे तल्लख की चुलीवरचं दूध वर यायच्या आत तिला कळतं. तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. अशोकभाऊ खाली बघत म्हणाले, "अक्काले सांगानं नही. ऐकताच ती जाई." मग म्हणाले, "दादानं ते यंतर तुले येस ना? तू ये, टाईप कर. तिले काय समजी?" मी नुसतं 'बघू' म्हणालो. पण धुळ्याहून जळगावला परतताना सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. टाइप केलेलं बोलून दाखवणारं त्यांचं ते यंत्र खरोखरच मला येत होतं, आणि आता जगात फक्त मलाच येत होतं.

दाजींची आणि माझी पहिली भेट झाली तीच मुळी भांडणाने. आम्ही दीपनगरचे. वडील वीजकेंद्रात कामाला, त्यामुळे वसाहतीत वाढलो. तिथे विदर्भापासून कोकणापर्यंतची माणसं एका नळावर पाणी भरत, आणि सगळ्यांच्या बोलीची मिळून जी खिचडी होई ती आमची मराठी. ताईला बघायला आले तेव्हा मी काहीतरी बोललो, आणि मुलगी बघायची सोडून हे गृहस्थ मला म्हणाले, "परत म्हणा बरं. हा उच्चार कुठून उचललात?" मला वाटलं, खेडवळ म्हणून हिणवतायत. मी फुगून बसलो. लग्न जमल्यावर कळलं, की तो त्यांचा कौतुकाचा प्रकार होता. माणसाचं नाव विसरतील, पण तो 'पाणी' कसं म्हणतो ते विसरणार नाहीत. सुट्टी लागली की धुळ्याहून बसने नरडाण्याला जायचे, तिथून पॅसेंजर पकडून धरणगावला, आणि डब्यात कुणी बोलकी म्हातारी भेटली की खांद्याच्या पिशवीतून टेपरेकॉर्डर बाहेर निघालाच. ताई म्हणायची, माझ्या सासरच्या प्रवासात मी नवऱ्याशेजारी कधी बसलेच नाही, मध्ये नेहमी एक म्हातारी असायची.

जळगावला मी टायपिंगचं आणि मग कॉम्प्युटरचं दुकान टाकलं तेव्हा पहिलं मोठं काम दाजींनीच आणलं, त्यांचा प्रबंध. त्यात उच्चार लिहायची ती खास आंतरराष्ट्रीय चिन्हं, उलटे पडलेले इंग्रजी 'ई', शेपट्या फुटलेले 'टी' आणि 'एन'. मी म्हणालो, दाजी, हे माझ्या कीबोर्डवर नाही. मग मी त्या त्या ठिकाणी जागा सोडायची आणि त्यांनी रात्रंदिवस बसून काळ्या शाईने ती चिन्हं भरायची, असा आमचा संसार चालला. पुढे तसले फॉन्ट आले, पण त्यांचा वेगळाच ताप. इथे नीट दिसणारं पान दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसते चौकोन. एकदा दाजींनी मोठ्या हौसेने एका परगावच्या अभ्यासकाला लेख पाठवला आणि त्यांचं उत्तर आलं, की आपला चौकोनांविषयीचा लेख मिळाला. दाजी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. त्यानंतर ते साध्या अक्षरांकडे वळले.

म्हणजे काय, तर जगातल्या कुठल्याही कीबोर्डवर जी अक्षरं आणि खुणा असतातच, तेवढ्यांतच सगळे उच्चार बसवायचे. अभ्यासकांनी अशा पद्धती आधीच ठरवून ठेवल्या होत्या, दाजींनी त्यातली एक घेऊन अहिराणीपुरती बेतली. ईमेलच्या पत्त्यात येतं ते @ म्हणजे तोंडातल्या तोंडात राहणारा 'अ'. अक्षरापुढे दोन टिंबं म्हणजे तो स्वर लांबवा. नाकातून हवा असेल तर ~ ही नागमोडी. 'ट'साठी 'टी'पुढे एक टिंब. आणि ज्या ठिकाणी बोलताना जोर येतो तिथे आधी वरच्या अंगाला एक छोटी उभी रेघ. साधं 'माय' लिहायचं तर m'a:j. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो, दाजी, मांजर कीबोर्डवरून चालत गेली तर असंच उमटतं. ते शांतपणे म्हणाले, "मांजर गेली तर आवाज मांजरीचा येईल, शालकबुवा. हे वाचलं तर माझ्या आईचा येतो." मी हसलो. पण हळूहळू मला ते वाचता येऊ लागलं, कारण ते सगळं टाइप करणारा मीच होतो. जन्मात कधी न शिकलेली अहिराणी मी त्या टिंबा-रेघांतून शिकलो, हे अजूनही कुणाला खरं वाटत नाही.

निवृत्तीनंतर दाजींचा आवाज बसला. आधी काढे झाले, मग गुळण्या झाल्या, आणि मग मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन. जीव वाचला. ते शुद्धीवर आले तेव्हा ताईने पाटी पुढे धरली, तर त्यांनी लिहिलं, 'मायला काय सांगितलं?' माणसाला आधी तेच आठवलं. अशोकभाऊंनी आईला सांगून ठेवलं होतं, की दादाचा घसा बसला आहे. कॅन्सर हा शब्द त्या घरात कुणी उच्चारायला तयार नव्हता. बरं वाटू लागल्यावर दाजी गावी गेले, आईजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. ती विचारत राहिली आणि हे गप्प. तिला दिसत नव्हतं, त्यामुळे खाणाखुणांचा उपयोग नाही. लिहिलेलं वाचायला ती कधी शिकलीच नव्हती. गळ्याला टेकवून बोलायचं एक उपकरण डॉक्टरांनी दिलं होतं, पण त्यातून डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज येई. तो ऐकून अक्का इतकी दचकली, की दाजींनी ते परत पिशवीतून बाहेर काढलं नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर अक्का धाकट्या मुलाला म्हणाली, "घसा बठस ते चार दिन. हाऊ रुसना. मी धुयाले राहाले उनू नही म्हनीसन रुसना." आपण धुळ्याला राहायला गेलो नाही म्हणून थोरला रुसला, बोलणं टाकलं, असं तिने मनाशी पक्कं धरलं. हे ती म्हणाली तेव्हा दाजी दोन हातांच्या अंतरावर, तिच्याच खाटेच्या पायथ्याशी बसलेले होते.

त्याच आठवड्यात ते माझ्या दुकानात आले. गळ्याभोवती सुती रुमाल, हातात ताईचा मोबाइल. त्यावर लिहिलं होतं, 'लिहिलेलं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम बसवून दे.' मी त्यांच्या लॅपटॉपवर बसवून दिला. त्यात मराठी आवाज होता, बरा होता. दाजींनी देवनागरीत टाइप केलं, आणि रविवारी आम्ही गावी गेलो. लॅपटॉप खाटेवर ठेवला, कळ दाबली. यंत्र म्हणालं, 'आई, मी दिनकर. तू कशी आहेस?' अक्काने पटकन पदर डोक्यावर ओढला, सावरून बसली आणि आत वळून म्हणाली, "अशोक, साहेब उनात. खाट टाक, च्या ठेव." मग आवाजाच्या दिशेने हात जोडून साहेबांना सांगू लागली, की आपलं रेशनकार्ड ठीक आहे, तक्रार काही नाही. त्या गावात असली शुद्ध मराठी बोलत घरात शिरणारा माणूस साहेबच असतो, त्यात तिचं काय चुकलं? मला हसू आवरेना. दाजींकडे बघितलं आणि आवरलं.

पुढच्या खेपेला त्यांनी देवनागरीतच अहिराणी लिहून बघितली. पण यंत्राला लिहिलेलं मराठीसारखं वाचायची सवय, त्यामुळे कुणी पाहुणा कागदावरची अहिराणी अडखळत वाचतोय असं वाटे. तेव्हा दाजींच्या लक्षात आलं, की त्या प्रोग्रॅमला एक आडवाट आहे. चौकोनी कंसात थेट उच्चार दिले, तर तो आपलं वाचायचं शहाणपण बाजूला ठेवतो आणि सांगितलं तसंच बोलतो. आणि हे उच्चार त्याला हवे असत साध्या कीबोर्डच्या अक्षरांत, त्याच टिंबांत, त्याच रेघांत. ज्या मांजरीच्या पावलांची मी इतकी वर्षं टिंगल केली, त्यांच्यावरून चालत दाजी आईपर्यंत जाणार होते.

अहिराणी कशी बोलतात ते दाजींना पाठ होतं. आपण स्वतः ती कशी बोलायचो, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. आपला आवाज कोण ऐकतो? मग त्यांनी जुन्या कॅसेट आणल्या, नरडाण्याच्या गाडीतल्या, शेताच्या बांधावरच्या. मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. सगळीकडे बोलणाऱ्या म्हाताऱ्याच, पण मधूनमधून एका तरुण माणसाचा आवाज. "मंग?" "मंग काय व्हयनं?" "आखो सांग ना, माय." दाजी कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी स्क्रीनवर टाइप केलं, 'हा माणूस फार मध्ये मध्ये बोलतो. बाईची गोष्ट तोडतो.' मी म्हणालो, तुमचाच विद्यार्थी असेल. ते हसले, म्हणजे खांदे हलले. मग त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली, 'आवाज बरा होता रे.' दुकानात गिऱ्हाईक होतं. मी आत जाऊन उगाच वायरी आवरत बसलो.

त्या कॅसेटमधले आपले तुकडे ऐकून ऐकून त्यांनी स्वतःला लिहायला घेतलं. आवाज कुठे चढतो, शब्द कुठे ओढला जातो, 'माय' म्हणताना सूर कसा खाली येतो. एकेका वाक्यावर दिवस जायचा. ताई वैतागून मला फोन करायची, की सकाळपासून ते यंत्र एकच वाक्य बोलतंय, मला आता स्वप्नातही ऐकू येतं. दाजींना मात्र घाई नव्हती आणि समाधानही नव्हतं. मी एकदा म्हणालो, की आईच आहे, परीक्षा घेणार नाही. त्यांनी टाइप केलं, 'तीच घेईल.'

आणि घेतलीच तिने. त्या दिवशी यंत्र म्हणालं, "माय, मी शे. दिन्या." अक्काने पदर ओढला नाही की चहा सांगितला नाही. मग म्हणाली, "हाऊ दिन्या नही. पन बोलस आपला घरना." दाजींची बोटं पुन्हा चालू लागली. एक वाक्य टाइप व्हायला वेळ लागे, आणि तेवढा वेळ नुसती कळांची टकटक. तिने मान कलती केली, आवाजाकडे नाही, त्या टकटकीकडे. हात पुढे केला. चाचपत चाचपत तो दाजींच्या हातावर आला आणि तिथेच थांबला. तिच्या तळव्याखाली बोटं हलत होती. ती हलायची थांबली, आणि यंत्र बोललं, "माय, मी रुसना नही." अक्काने हात काढला नाही. "बोटेसघाई बोलस तू?" बोटांनी बोलतोस का, असं ती विचारत होती. दाजींनी पुन्हा कळा दाबल्या आणि यंत्र म्हणालं, "हां, माय."

मग तिने विचारायला सुरुवात केली, आणि घरात कुणी जे बोलायला धजलं नव्हतं ते दाजींनी त्या यंत्राच्या तोंडून सांगितलं. कॅन्सर, ऑपरेशन, गळ्याचं भोक, सगळं. अशोकभाऊ दारात उभे राहून नको नको अशा खुणा करत होते. अक्काने ऐकून घेतलं. तिचा दुसरा हात त्यांच्या गळ्याकडे गेला, रुमालापाशी थांबला, आत गेला नाही. "आवाज ग्या ते ग्या," ती म्हणाली, "तू शे ना." मला वाटतं, त्या माणसाने आयुष्यभर जेवढे शब्द टिपले त्यात याहून मोलाचे त्याच्या वाट्याला आले नसतील. मात्र ते त्याने लिहून ठेवले नाहीत. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. तिने तळवा त्यांच्या हातावर ठेवायचा आणि मग बोलणं सुरू करायचं, ही त्या मायलेकांची रीत झाली. गावातली माणसं आधी यंत्र बघायला यायची, मग त्यांचंही नवल संपलं. दाजी गप्पा मारत, भाव विचारत, जुनी भांडणं उकरत. एकदा तर दोघांचं चांगलं वाजलं, आणि यंत्राला रागाने आवाज चढवता येत नाही म्हणून दाजींनी बटण दाबून तो मोठा केला. अक्का खुदकन हसली. दाजींची तब्येत ढासळली तेव्हा शेवटचे काही रविवार हुकले. तिला सांगितलं होतं, दम लागतो, बरं वाटलं की येतील. हे खोटं नव्हतं.

...आणि आता अशोकभाऊ म्हणत होते, की तू टाइप कर. मी धुतल्या तांदळासारखा नाही, धंद्यात चार थापा मीही मारतो. शिवाय हे तर दयेचं खोटं. दाजींनी लिहून ठेवलेली वाक्यं तयार होती, नवीन लिहिणं मला जमत होतं, आवाज तोच निघणार होता. म्हातारी किती दिवसांची सोबती, तिला मनात लेक जिवंत ठेवून जाऊ द्यावं, यात कुणाचं काय बिघडलं? ताईला विचारलं. ती रडून रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "तुला पटेल ते कर. पण ते यंत्र आता माझ्यासमोर बोलवू नकोस." मी लॅपटॉप घेऊन निघालो. काय करायचं ते धरणगाव येईपर्यंत ठरलं नव्हतं, खरं म्हणजे अक्काच्या खाटेपाशी बसेपर्यंतही नाही.

अशोकभाऊंच्या डोक्याची हजामत झाली होती, ती तिला दिसत नव्हती. त्यांनी तिला सांगितलं, "दादा उना." ती उठून बसली. मी लॅपटॉप उघडला, कळांवर बोटं ठेवली. तोंडातून तर मी काही बोललो नव्हतो. तिने नेहमीसारखा हात पुढे केला आणि तो हवेत माझ्या दिशेने येऊ लागला. तो हात इतक्या भरवशाने येत होता, की मला बोटं उचलताही येईनात आणि हलवताही येईनात. तळवा माझ्या हातावर टेकला. मग तिने बोटं हळूच माझ्या मनगटापर्यंत नेली, परत आणली.

"हाऊ हात दिन्याना नही," ती म्हणाली. दाराशी अशोकभाऊंनी तोंड फिरवलं. मी लॅपटॉप मिटला आणि माझ्या मोडक्यातोडक्या, टिंबा-रेघांतून शिकलेल्या अहिराणीत म्हणालो, "माय, मी विजू. वासंतीना भाऊ." तिने विचारलं, "ग्या का?" मी म्हणालो, "हां, माय." अशोकभाऊंना भीती होती तशी ती गेली नाही. तिने माझा हात सोडलाही नाही. ती रडली, मोठ्याने रडली, आणि अशोकभाऊही तिच्या मांडीत डोकं घालून रडले. तिने त्यांच्या तासलेल्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा ती पुन्हा रडू लागली. संध्याकाळी निघताना ती मला म्हणाली, "बरं व्हयनं तू तोंडघाई सांगं."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी अधूनमधून गावी जातो, लॅपटॉप नेत नाही. अशोकभाऊंच्या सूनबाई मला परवा काळजीने म्हणत होत्या, की अक्काचं आता काहीतरी होतंय, डॉक्टरांना दाखवायला हवं. ती काहीतरी विचारते, आपण लगेच उत्तर देतो, तर ऐकल्यासारखं करत नाही. मी म्हणालो, थांबा, मी बघतो. खाटेवर जाऊन बसलो. अक्काने माझा हात शोधला, त्यावर तळवा ठेवला आणि विचारलं, "जेवना का?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती माझ्याकडे नव्हे, समोर कुठेतरी मान कलती करून, निवांत वाट बघत होती. साधारण एक वाक्य टाइप व्हायला लागतो तेवढा वेळ. तो सगळा वेळ मी जाऊ दिला आणि मग सांगितलं, "हां माय, जेवनू."